धाकटीचे सतराशे वीस

घरातली थोरली सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि गेली अठरा वर्षं दर शनिवारी पोस्टाच्या वरच्या मजल्यावरच्या क्लबात बुद्धिबळ खेळत होती. तिथलं तिचं रेटिंग चौदाशे ऐंशी. एकेक गुण घाम गाळून मिळवलेला.

धाकट्या जावेनं बाळंतपणाच्या रजेत मोबाइलवर खेळायला सुरुवात केली. दीड वर्षानं एकदा जेवणाच्या टेबलावर तिनं फोन पुढे सरकवला. "ताई, सतराशे वीस!"

सासूबाईंना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आकडे कळत होते. "म्हणजे धाकटी पुढे गेली की गं तुझ्या!"

थोरलीनं हातातला घास ताटात ठेवला. मोबाइलचा आकडा वेगळा, क्लबाचा वेगळा, दोन्हींची मोजायची पद्धतच निराळी, हे ती सांगत राहिली. ऐकतंय कोण? दीर म्हणाला, "वहिनी, मग हिचा आकडा क्लबाच्या मापात बदलून दाखवा की!"

तिनं ते मनावर घेतलं. एकाच रक्ताचे दोन मशीनवर दोन आकडे येतात, ते कसे जुळवायचे हे तिचं रोजचंच काम. दोन्हीकडे खेळणारे तेरा जण तिनं क्लबातून शोधले. प्रत्येकाचे दोन्ही आकडे वहीत उतरवले, फरक काढला, सरासरी काढली. मोबाइलचा आकडा दोनशे तीसनं जास्त. म्हणजे धाकटी चौदाशे नव्वद.

दहानं पुढेच!

तिनं तीनदा पडताळून पाहिलं. मग दोन नावांवर नजर गेली. त्या दोघांचा फरक जेमतेम साठ-सत्तर होता. अपवाद असणार, असं म्हणून तिनं ती खोडली. आता फरक आला दोनशे साठ आणि धाकटी चौदाशे साठवर आली. जिवाला जरा बरं वाटलं.

रविवारी तिनं वही सगळ्यांपुढे ठेवली. धाकटीनं ती कौतुकानं वाचली.

"किती मेहनत घेतलीत ताई! हे दोघं का खोडलेत?"

"अपवाद आहेत."

"लॅबमध्ये असं खोडता येतं?"

विचारण्यात काहीच खोच नव्हती. तेच जास्त लागलं. थोरलीचे कान तापले. "तू क्लबातच ये ना," ती फटकन म्हणाली. "कळेल सगळं."

धाकटी खरंच आली. पहिल्याच शनिवारी थोरलीनं तिला हरवलं, दुसऱ्या वेळी डाव बरोबरीत सुटला. तीन महिन्यांनी फळ्यावर धाकटीचं क्लबाचं पहिलं रेटिंग लागलं: चौदाशे अडतीस.

थोरलीनं मनातल्या मनात उडी मारली. पण धाकटी फळ्याजवळ उभी राहून हसत होती. तिनं आकड्याचा फोटो काढला आणि साऱ्या नातेवाइकांना पाठवला. "चौदाशे अडतीस! आता मी खरी खेळाडू!"

अठरा वर्षांत आपण कुठल्या आकड्यावर असं हसलो? थोरलीला एकही आठवेना. बेचाळीस गुणांनी पुढे असूनही पोटात तसंच जळत राहिलं.

जिना उतरताना ती म्हणाली, "ती दोन नावं मी उगाच खोडली होती."

"माहीत होतं मला," धाकटी म्हणाली. "पहिल्या शनिवारी मला हरवलंत, ती डावाची सुरुवात पुढच्या वेळी शिकवाल?"

"शिकवीन," थोरली म्हणाली. सगळी नाही शिकवायची, हे तिनं तिथंच ठरवून टाकलं.