दिव्याशेजारचा काळोख : भंडारा ते सानगडी, दोन गाड्यांतून

माझी मुलगी मृणाल सानगडीच्या एका दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू होणार होती. रोज भंडाऱ्याहून जायचे आणि अंधार पडल्यावर परतायचे. घरात विजेवरच्या दोन गाड्या आहेत : माझी जुनी आणि तिची नवी. दोहोंच्या दिव्यांना ‘अडॅप्टिव्ह’, म्हणजे परिस्थितीप्रमाणे बदलणारे, हेच विशेषण लावले जाते. विशेषण एक असले म्हणून गुण एक ठरत नाही. म्हणून लागोपाठ दोन संध्याकाळी त्याच वाटेने जाऊन पाहायचे ठरले.

“बाबा, सरळ सांगा नं, भीती वाटून राहिली,” मृणाल म्हणाली.

वाटतच होती.

जाणाऱ्यांनी गाडी भंडाऱ्यातच पूर्ण चार्ज करावी. साकोलीपर्यंत महामार्ग रुंद आहे. तेथून सानगडीकडे वळताच रस्ता आकसतो आणि कडा खचलेल्या लागतात. सानगडीच्या बाजारात गरम आलूबोंडा मिळाला. मृणालने दोन खाल्ले. मी माझा कागदात बांधून घेतला.

पहिल्या संध्याकाळी जुनी गाडी, चालवायला मृणाल, शेजारी मी. तिचे दिवे स्टीअरिंगबरोबर वळतात, त्यामुळे तलावाकाठच्या वळणावर प्रकाश आमच्याआधी पोहोचत होता. मात्र झोत हातानेच खाली घ्यावा लागतो. समोरून ट्रॅक्टर आला की झोत खाली, आणि रस्त्याची कड नाहीशी. प्रत्येक वेळी मी ‘हळू’ म्हणत असे.

दुसऱ्या संध्याकाळी नवी. तिचा झोत अनेक तुकड्यांचा. समोर दिवा दिसला की कॅमेरा तेवढाच तुकडा विझवतो. ट्रक आपल्यापुरती सावली घेऊन गेला, दोन्ही कडा उजळलेल्याच राहिल्या. माझा निष्कर्ष जवळजवळ ठरला होता.

परतताना डावीकडे एक बारीक दिवा दिसला. त्याच्याभोवती झोतात काळी खिडकी उमटली.

“सायकलवाला असेल,” मृणाल म्हणाली.

मग झोताच्या खालच्या, न विझलेल्या प्रकाशात दगडांची ओळ आली, त्यामागे धानाची रास, आणि राशीपुढे टॉर्च हलवणारा माणूस. मृणालने ब्रेक दाबला. गाडी पहिल्या दगडाला टेकून थांबली.

रस्त्यावर धान वाळवायचे, भोवती दगड मांडायचे आणि अंधारात कोणीतरी बत्ती घेऊन राखणीला बसायचे, ही इकडची रीत. राखणदार संतापला होता.

“बत्ती तं दाखवून राहिलो होतो बाई! अजून काय करू, कपाळाले बांधू?”

“काका, बत्ती दिसली म्हणूनच गाडीने तिथला उजेड काढला.”

“म्हंजे बत्ती पाहून डोये मिटते? नव्या नवरीवानी लाजते तं तुमची गाडी!”

मृणाल हसली. मला हसता आले नाही. गाडी मागे घेऊन आम्ही पडताळा घेतला. टॉर्च विझवला की रास लांबूनच स्पष्ट. पेटवला की माणसासकट गडप. जिथे दिवा तिथे वाहन, हे या यंत्राचे गृहीतक. ते महामार्गावर बहुधा खरे ठरते. येथे मात्र जो स्वतःला वाचवण्यासाठी दिवा धरतो, तोच नेमका अंधारात जातो.

घरी आल्यावर निर्णय झाला : नवी गाडी, साकोलीपर्यंत दिवे स्वयंचलित, पुढे झोत हाताने. मृणाल तो पाळते. तुलना संपली, भीती संपली नाही, तिने फक्त जागा बदलली. पूर्वी मला गाडीतल्या मुलीची काळजी वाटे. आता घराच्या फाटकाशी तिची वाट पाहताना, त्याच रस्त्यावर टॉर्च घेऊन बसलेला तो माणूसही मला दिसत राहतो. आपण दिसतो आहोत, अशी त्याची खात्री असते.