सात की आठ

दवाखान्यात त्याला सगळे 'कानवाला' म्हणत. भिंतींना जाड फोम लावलेल्या, कपाटाएवढ्या खोलीत बसायचं, समोरच्याच्या कानांवर हेडफोन चढवायचा, मवाळ आवाजात एकेक शब्द म्हणायचा आणि त्याला काय ऐकू आलं ते टिपायचं, हे त्याचं बारा वर्षांचं काम. या काळात दोन हजारांवर कान त्याने मार्गी लावले. बधले नाहीत ते फक्त सासऱ्यांचे. कारखान्यात तीस वर्षं मशीनच्या घरघराटात काढून त्यांचे कान गेले होते, पण आपले कान ठणठणीत आहेत यावर ते ठाम होते. जावयाने बसवून दिलेलं ऐकण्याचं यंत्र डबीत पडून होतं. गेल्या महिन्यात मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही, थोडक्यात वाचले. तेव्हापासून त्यांच्या लेकीला, म्हणजे कानवाल्याच्या बायकोला, धड झोप नव्हती.

सुट्टीत तिघं डोंगरावरच्या हॉटेलात आली ती तिथल्या गोल्फच्या मैदानापायी. निवृत्तीनंतर सासऱ्यांना या खेळाचं वेड लागलं होतं आणि हे मैदान भल्याभल्यांना रडवणारं. लेकीने फारच पिच्छा पुरवला तेव्हा त्यांनी पैज लावली. अठरांपैकी एका जरी होलला, म्हणजे खळीला, जावयाने त्यांच्यापेक्षा कमी फटके घेतले, तर सुट्टीभर यंत्र कानात.

कानवाल्याला वाटलं, एवढंच ना! त्याने महिनाभर व्हिडिओ पाहिले होते, कोणता फटका किती कोनात मारायचा याचा तक्ता मोबाइलमध्ये तयार होता. पहिल्या फटक्याला मातीचं ढेकूळ उडालं आणि चेंडूपेक्षा लांब गेलं. चौथ्या होलला चेंडू तळ्यात. सातव्याला वाळूच्या खड्ड्यात. तिथून चेंडू काढताना वाळू तेवढी बाहेर आली, तीही याच्या तोंडावर. तक्त्यातले कोन सगळे बरोबर होते, चुकीचा होता तो फक्त माणूस. दहाव्या होलनंतर बायकोने 'छान' म्हणणंही सोडून दिलं.

शेवटचा होल दरीपलीकडे होता. वाऱ्याने सासऱ्यांचे दोन चेंडू दरीत घातले आणि त्यांचा आकडा आठवर गेला. कानवाल्याचा चेंडू मात्र खडकावर आपटून, त्याला न विचारताच, पलीकडे जाऊन पडला. मग उंच गवत, मग हिरवळ, मग एकदाचा खळीत.

"किती?" कार्ड घेऊन दहा पावलांवर उभ्या असलेल्या सासऱ्यांनी विचारलं.

"सात," तो म्हणाला. दिवसभरात एकदा जिंकला, आणि तेही सांगितलं दवाखान्यातल्या मवाळ आवाजात.

सासऱ्यांनी आठ लिहिलं. म्हणजे बरोबरी.

"बाबा, सात म्हणालो मी."

"आठ म्हणालात. माझ्या कानांनी ऐकलंय."

सातातला 'स' गळला की उरलेला शब्द आठसारखा वाटतो, हे तो पेशंटच्या नातेवाइकांना रोज समजावत असे. इथे समजावायला गेला तर जिंकण्यासाठी कानांचा विषय काढतोय असं झालं असतं. यंत्र घालून ऐका म्हणावं, तर जिंकल्याशिवाय घालणार कोण?

शेवटी बायको म्हणाली, परत जाऊन एकेक फटका मोजू या. सासरे न्यायाला पक्के; लगेच निघाले. कानवाला बोटांवर फटके मोजत ऐटीत पुढे चालला आणि उंच गवतापाशी थबकला. इथे त्याने जोरात स्टिक फिरवली होती आणि चेंडू जागचा हलला नव्हता. हुकलेला फटकाही मोजायचा, हे सासऱ्यांनी सकाळीच बजावलं होतं. पण तेव्हा ते स्वतःचा चेंडू शोधत होते, बायको पाणी पीत होती. कोणी पाहिलं नव्हतं.

बायको त्याच्याकडे आशेने बघत होती.

"आठच," तो मोठ्याने म्हणाला. "एक हुकलेला मी धरलाच नव्हता."

सासऱ्यांनी हातातलं कार्ड पुन्हा पाहिलं. "म्हणजे मघाशी तुम्ही सातच म्हणाला होतात."

"हो."

"आणि मी आठ ऐकलं." त्यांनी कार्ड खिशात घातलं. "आता खोटं बोलून तुमचा काही फायदा नाही, जावईबापू. आणा ते यंत्र."

बायकोने पर्समधून डबी काढली. यंत्र कानात चढवून सासरे पाठ फिरवून उभे राहिले आणि म्हणाले, बोला काहीतरी. कानवाल्याला बारा वर्षांच्या सरावातला एकही शब्द आठवेना. "ऐकू येऊ दे रे देवा," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"येतंय," सासरे म्हणाले. "पण तुम्ही फार पुटपुटता."