उजवी पाकळी

गोविंदमास्तर गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी देवळाच्या पायरीवर फुलं निवडत बसलो होतो. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, म्हणजे वाचण्याआधीच कळलं. शिक्का खेडचा. खेडात माझं दुसरं कोणी नव्हतं... त्याला आता दीड महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याच्याविषयी त्याचे विद्यार्थी लिहितील, चांगलंच लिहितील. पण एक गोष्ट फक्त मी सांगू शकतो, आणि ती मी चौदा वर्षं सांगितलेली नाही.

मांडवीच्या वरच्या अंगाला जी देवी आहे, तिचा मी गुरव. गोविंद आणि मी एका वर्गात शिकलो. तो मास्तर झाला, मी वडिलांच्या जागी पूजेला उभा राहिलो. आमच्याकडे देवीला कौल लावतात. भिजवलेल्या दोन पाकळ्या मूर्तीला उजवी-डावीकडे चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गोविंद देवळात येई, प्रसादाचं खोबरं आवडीने खाई, आणि म्हणे, "सख्या, देवी बोलते की पाणी सुकतं, एवढंच मला बघायचंय." शाळेत तो काळ्या पाटीवर तशाच दोन पाकळ्या चिकटवी आणि मुलांना बघत बसवी. प्रश्न न विचारताही एक पाकळी आधी पडतेच, हे मुलं घरी जाऊन सांगत. घरच्यांना ते आवडत नसे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर वादळ झालं. मांडवीचा एक मचवा सात माणसांसह समुद्रात होता, तो चार दिवस परतला नाही. पाचव्या दिवशी सकाळी त्या सातजणांच्या घरच्या बायका देवळात आल्या. त्यांतल्या एकीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती म्हणाली, "गुरवांनू, माजा घो येल ना?" मी कौल लावला. उजवी पाकळी पडली. दिवस मावळायच्या आत मचवा बंदराला लागला, सातही माणसं धड. मग मिरजोळ्यापासून लोकांची रीघ लागली. देवीला मचवा हाताने ओढून आणताना पाहिलं, असं सांगणारेही निघाले; त्यांतले काही तेव्हा गावातसुद्धा नव्हते.

घडलं होतं ते असं. बायका येण्याच्या तासभर आधी जयगडहून आलेला एक गाडीवान देवळाच्या विहिरीवर बैलांना पाणी पाजत होता. मचवा जयगडच्या खाडीत आसऱ्याला आहे, माणसं सुखरूप आहेत, आज निघतील, असं तो मला सांगून गेला. मी ते बायकांना तसंच सांगायला हवं होतं. पण देवीकडून आलं तर त्यांचा जीव जास्त निवेल, असं मला वाटलं. मी उजवी पाकळी जेमतेम ओली केली. कमी ओली पाकळी लवकर सुटते, हे माझ्या हाताला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या मुलीच्या चेहऱ्यापुरतं केलं, अशी माझी समजूत. पण संध्याकाळी लोकांनी मला खांद्यावर घेतलं, आणि तिथून मला उतरता आलं नाही.

शाळेत जाताना गोविंदने त्या गाडीवानाला माझ्याशी बोलताना पाहिलं होतं. आठ दिवसांनी गावकऱ्यांनी त्याला देवळात बोलावलं आणि आता तरी चमत्कार मान म्हणून बजावलं. तो माझ्याकडे वळला. "सखाराम, दोन्ही पाकळ्यांना पाणी सारखं होतं?"

सख्या नाही, सखाराम म्हणाला.

"सारखं होतं," मी म्हणालो.

त्याने गाडीवानाचं नाव काढलं असतं तर त्याच दिवशी माझी पूजा सुटली असती. त्याने ते काढलं नाही. मला पटत नाही, एवढंच सांगून तो चपला घालून निघाला.

मग लोक शाळेत मुलं पाठवेनात. त्याच्याविरुद्ध वर अर्ज गेले. पुढच्या पावसाळ्यात त्याची धाकटी मुलगी तापाने गेली, तेव्हा देवीनेच दाखवलं, असं लोक त्याच्या अंगणात उभं राहून बोलले. मी तिथेच होतो. मान खाली घालून उभा होतो... पुढे त्याची खेडला बदली झाली.

गेल्या वर्षी मी मोटारीने खेडला गेलो. त्याच्या खोलीत खिडकीशी तीच पाटी टेकवलेली होती. चहा झाल्यावर मी सगळं कबूल करायला सुरुवात केली. त्याने मला थांबवलं. "मला कशाला सांगतोस, सख्या? मी तिथेच होतो. त्यांना सांग."

म्हणून सांगतो. मचवा आला तो त्यावरच्या माणसांच्या कसबाने. पाकळी पडली ती माझ्या हाताने. चमत्कार झाला नव्हता, आणि गोविंद खरं बोलत होता. पूजा आता माझा मुलगा करतो. तो म्हणाला, "बाबा, मास्तर गेले. आता कुणासाठी?" त्याची भीती खोटी नाही, उद्या लोक त्याच्या हातच्या पाकळ्याही निरखून बघतील. बघू देत.

दिवसकार्यानंतर गोविंदच्या बायकोने ती पाटी माझ्याकडे पाठवली. आज सकाळी लेख इथवर लिहून झाल्यावर मी ती भिंतीला उभी केली आणि दोन पाकळ्या चिकटवल्या, दोन्ही सारख्या भिजवून, आयुष्यात पहिल्यांदा. काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण जन्माची सवय... लेख पाठवू का, हे मनात येऊन गेलंच.

डावी आधी पडली.

एवढं खाली जोडून मी पाकीट बंद करतो आणि टपालात टाकायला निघतो.