टिकलीचं दावं

युसूफ वडगाव या गावात आसारामच्या रामेश्वरला रामेश्वर म्हणणारी माणसं मोजकीच: त्याचे आईबाप आणि पोस्टमन. बाकी गावाला तो थर्मामीटर. हे नाव ठेवलं केजच्या स्टँडवर जीप भरणाऱ्या बंकटनं. बंकटची जीभ अशी, की माणसाचं बारसं पुन्हा करून सोडते. रामेश्वर जीपमध्ये बसला की बंकट हात पुढं करायचा. "बघ बे, ताप हाय का मला. का तुज्या यंत्राला शेळीच लागती?" मग केजपासून घरापर्यंत हसणं चालायचं.

पोरगं शेळ्यामेंढ्यांच्या घरातलं, पण डोकं सगळं तारांत. शिकून पालीच्या अलीकडं, जनावरांवर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात लागलं. काम काय, तर जनावराच्या कातडीखाली बसेल असा दाण्याएवढा सेन्सर बनवायचा. जनावर बांधायचं नाही, धरायचं नाही. ते मोकळं हिंडावं, रवंथ करावं, आणि आतल्या दाण्यानं त्याच्या अंगाचा ताप बिनतारी कळवत राहावं. नवी औषधं तपासायला हे लागतं, कारण धरलेलं जनावर घाबरतं आणि घाबरलेल्या अंगाचा आकडा खोटा.

ऐकायला सोपं आहे. रामेश्वरनं पहिला सेन्सर गळ्याच्या पट्ट्यात बसवला, तो शेजारच्या शेळीनं खाल्ला. दुसरा कातडीखाली घातला, पण तो वरच्यावर राहिला. शेळी उन्हात बसली की आजारी, सावलीत आली की बरी. केंद्राचे साहेब अमरसिंह म्हणाले, "रामेश्वर, तुम्ही शेळीचा नाही, उन्हाचा ताप मोजताय." मग त्यानं दाणा घासून घासून जोंधळ्याएवढा केला आणि खोल बसवला. तरी आकडे नाचतच होते. बाजारातून आणलेल्या शेळ्या माणूस दिसला की भिंतीवर धडकायच्या. त्याला माणसाला न भिणारी शेळी पाहिजे होती.

तशी शेळी त्याच्याच घरी होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली. जन्मली आणि तिची आई मेली, तेव्हा भामाबाईनं, म्हणजे रामेश्वरच्या आईनं, तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. शेजारची तुळजाबाई चिडवायची, "भामे, सून आणतीस का हिलाच लुगडं नेसवतीस?" टिकलीही सुनेच्या वरताण. चुलीपाशी ठाण मांडायची, भाकरीचे काठ कुरतडायची, आणि रामेश्वर सुट्टीला आला की त्याच्या मागं मोरीपर्यंत जायची.

त्यानं तिला मागितलं तेव्हा एवढंच बोलला, "आबा, दिवाळीपतूर लागंल." ते खोटं नव्हतं. दिवाळीनंतर काय, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. तपासणी संपली की जनावराला झोपेची सुई देऊन कायमचं निजवतात, मग उघडून बघतात, दाण्यानं आतल्या मांसाला इजा केली का. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तपासणीचा आराखडाच त्याचा.

किंमत घ्या म्हटल्यावर आसारामनं तोंड फिरवलं. "पोराला इकतेत व्हय शेळी?"

आता या घराची एक रीत आहे. जनावर विकलं तर त्याचं दावं देत नाहीत. खाटकाला बोकड देतानासुद्धा आसाराम गळ्यातलं दावं सोडून आपल्या खांद्यावर टाकतो. गिऱ्हाइकानं आपलं आणावं, नाहीतर घरची बरकत जाते. दाव्यासकट जातं ते फक्त परत येणारं जनावर. टिकली जीपमध्ये चढली ती दाव्यासकट, वर भामाबाईनं त्याला लाल गोंडा लावलेला.

केंद्रावर तिला उतरवताना रामेश्वरच्या हातात ते दावं आलं आणि घरच्यांनी काय समजून पाठवलंय ते त्याला कळलं. तिथूनच फोन करता आला असता. त्यानं दावं खिळ्याला अडकवलं.

टिकलीनं मात्र नाव काढलं. ती आवारभर हिंडायची, माणसांच्या खिशात तोंड घालायची, आणि संगणकावर तिच्या तापाची रेघ संथ, खरी. साहेब खूश. रामेश्वरनं धीर करून विचारलं, "सर, हिला सोडून बाकीच्या उघडल्या तर?"

"जिचा सेन्सर सगळ्यांत चांगला चालला, तीच नाही बघितली तर कळणार काय?" साहेब म्हणाले. बोलणं रास्त होतं. रामेश्वरनं पुन्हा विचारलं नाही.

शेवटच्या सकाळी तिला आणायला तोच गेला. दुसरं कुणी गेलं असतं तर ती बावरली असती. त्यानं हाक मारली, ती मागं मागं आली.

मग दावं घेऊन तो घरी गेला. आसारामनं आधी दावं बघितलं, मग त्याच्या मागं.

"इकलीस?"

"न्हाई, आबा." उंबऱ्याबाहेर उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं.

"तुला ठावं होतं? नेताना?"

"व्हय."

आसाराम उठून शेळ्यांना पाणी पाजायला गेला. पाणी नुकतंच पाजलं होतं.

भामाबाई दारातच बसली होती. रामेश्वरनं तिच्यापुढं मोबाइल धरला. "आई, ही रेघ तिच्या अंगातली. भ्याली असती तर वर चढली असती. बघ, सरळ हाय, शेवटपतूर."

भामाबाईनं डोळे बारीक करून बघितलं. रेघेवरून बोट फिरवलं, तशी ती पडद्यावरून सरकून गेली.

"कावून भ्यावं तिनं," ती म्हणाली. "तू होतास की संगं."

गावाला कळायचं ते कळलंच. बंकटनं आसारामला स्टँडवर टोकलं, "बोकडं खाटकाला देतोस तवा कुठं जातंय तुजं रडू?"

"तवा मला ठावं असतंय कुठं धाडतो ते," आसाराम म्हणाला. बंकट जीपकडं वळून गिऱ्हाइकं हाकारायला लागला.

दाणा पास झाला. आता तो उंदरा-सशांच्या अंगातही बसतो म्हणे. रामेश्वर सुट्टीला येतो, भामाबाई त्याला वाढते, बारीक झालास म्हणते, सगळं बोलते. फक्त तो अंगणात टेकला आणि एखादं करडू त्याची बोटं हुंगायला आलं, की ती हातातलं काम टाकून येते, करडू उचलते आणि आत नेते. गारठा बाधंल त्याला, म्हणते. भर चैतात.