संघटनेचे कागद आणि सरांचं व्हय-न्हाय

एम.ए. झाल्यावर मी इंदापूरला घरी बसून होते. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं, भरतीच्या जाहिराती पेपरात येत आणि विरून जात. अशात बारामतीच्या कॉलेजातल्या माझ्या बाईंचा निरोप आला. एका निवृत्त प्राध्यापकांकडे जुने कागद लावायचं काम आहे, येतेस का?

"कागद लावायचं म्हंजे काय करायचं?" आईनं विचारलं. मलाही नीट ठाऊक नव्हतं.

ते प्राध्यापक मूळचे बारामतीजवळच्या कोऱ्हाळे बुद्रुकचे. नोकरी सगळी पुण्यात झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी बारामतीत लहानसं घर बांधलं. लोकांना काय वाटतं हे गावोगाव फिरून, नीट पद्धतीनं विचारून नोंदवणाऱ्या अभ्यासकांची एक संघटना होती. सर तिचे बरीच वर्षं चिटणीस. संघटनेला ऑफिस म्हणून कधी नव्हतंच. चिटणीसाचं घर तेच ऑफिस. त्यामुळे पुण्याहून घरसामान आलं त्यात पत्र्याच्या ट्रंका आणि खोकीही आली, आणि पुढची खोली त्यांनीच भरून गेली. संघटनेचं काम आता थंडावलं होतं. पुण्यातल्या एका ग्रंथालयानं हे कागद कायमचे सांभाळायची तयारी दाखवली, फक्त लावून, यादी करून द्या म्हणाले.

पहिल्या दिवशी सरांनी मला एक बोथट चाकू दिला आणि गंजलेल्या टाचण्या काढायला बसवलं. टाचणी ओढायची नाही, कागद फाटतो. खालून चाकू सारून उचलायची. "आणि ज्या क्रमानं गठ्ठा बांधलाय तो क्रम मोडायचा नाही," ते म्हणाले. "बांधणाऱ्याच्या मनात काहीतरी होतं म्हणून तो तसा बांधला. आपल्याला कळलं नाही म्हणून ते चुकीचं होत नाही."

सभांची इतिवृत्तं, वार्षिक अधिवेशनांच्या कार्यक्रमपत्रिका, सायक्लोस्टाइल केलेली वार्तापत्रं, कोऱ्या प्रश्नावल्या आणि पत्रं, पत्रं, पत्रं. मला वाटलं होतं त्यात आकडेच आकडे असतील. पण ही माणसं जास्त करून प्रश्न कसा विचारावा यावरच बोलत राहिली होती. नवरा शेजारी बसलेला असताना बाईला मत विचारावं का. दारात उभं राहून विचारावं की ओसरीवर बसून. 'माहीत नाही' हे उत्तर कोरी जागा म्हणून सोडावं की उत्तर म्हणून धरावं, यावर तर एक अख्खी सभा झाली होती. सरांचं म्हणणं, तेही उत्तरच आहे.

"माणूस समोरच्याचं मन राखायला हो म्हणतो," ते मला एकदा म्हणाले. "म्हणून तोच प्रश्न थोड्या वेळानं उलटा करून विचारायचा. दोन्हीला हो आलं, तर समजायचं की त्याला तुम्ही लवकर निघावं असं वाटतंय."

दुपारी काकू हाक मारत. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. पहिल्या दिवशी मी डबा काढून पुढच्या खोलीतच बसले, तर त्या दारात येऊन म्हणाल्या, "तिथं धुळीत काय जेवतेस? आत ये." आत म्हणजे स्वयंपाकघरात, ओट्याच्या शेजारी. आमचं घर बौद्ध, हे त्यांना माझ्या आडनावावरून कळलेलंच होतं. संध्याकाळी घरी आल्यावर आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "जेवाय कुठं बसिवत्यात?" मी सांगितलं. तिनं भाकरी उलटली. जरा वेळानं म्हणाली, "उद्या शेंगदाण्याची चटणी देते. घिऊन जा त्यांच्यासाठी."

इंदापूरहून सकाळची एसटी धरायची. निमगाव केतकीला विड्याच्या पानांच्या डालग्या, मोठ्या टोपल्या, चढायच्या, जंक्शन नावाच्या गावाला निम्मी गाडी रिकामी व्हायची. हंगामात उसाच्या गाड्यांमागे एसटी रखडली की मी आदल्या दिवशीच्या कागदांचा विचार करत बसे. त्यात एक नाव पुन्हा पुन्हा येई. सोलापूरचे एक प्राध्यापक. सर आणि ते, दोघांनी मिळून संघटना सुरू केलेली. पुढे सोलापूरकरांनी वर्तमानपत्रांसाठी निवडणुकीचे अंदाज काढायला सुरुवात केली आणि दोघांचं फाटलं. पत्रं धारदार होत गेली, मग थांबली. सोलापूरकरांनी संघटनाही सोडली.

"तो आकडे काढायला गेला, मी माणसांचं ऐकत राहिलो," सर म्हणाले. मग चष्मा पुसत बसले. "असं मी सगळ्यांना सांगतो. पुरतं खरं नाही ते."

एका सकाळी मी पोचले तर घराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, रात्री सरांना दवाखान्यात नेलं. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती.

बरेच दिवस मी घरीच होते. सर घरी आल्यावर काकूंनी निरोप धाडला म्हणून मी गेले. पुढच्या खोलीतच, खोक्यांच्या मधोमध, त्यांचा पलंग टाकला होता. काकू मला बाहेर घेऊन गेल्या. "डॉक्टर म्हणतात, त्यांच्याशी बोलत राहा. मी काय काय बोलू? पाहुणे येतात ते यांच्याकडे बघून माझ्याशीच बोलतात. तू ये. काम कर, नाहीतर नुसती बस."

सरांना ऐकू येत होतं, कळत होतं. शब्द मात्र निघत नव्हते. फक्त दोन निघत, व्हय आणि न्हाय. पुण्यात सगळा जन्म शुद्ध मराठीत व्याख्यानं दिलेल्या माणसाच्या तोंडात कोऱ्हाळ्याचे हे दोनच शब्द उरले होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कसंतरी झालं. काकू मात्र त्यांच्याकडे बघतच राहिल्या होत्या, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

"लग्न झालं तेव्हा मी पळसदेवची पोर," त्या म्हणाल्या. "पुण्यात आल्यावर यांनी पहिलं काय केलं असेल, तर माझी बोली सोडवली. हाय म्हणू नको, आहे म्हण. हितं नाही, इथं. लोक हसतात. यांचं चुकलं असं नाही, हसायचेच लोक. आता बघ."

आणि मग त्या हळूहळू आपल्या जुन्या बोलीत त्यांच्याशी बोलू लागल्या. आधी चोरून, माझ्यासमोर लाजत. मग उघड. "च्या घ्यायचा का वं?" "व्हय." "उनात बसायचं का जरा?" "न्हाय." जुनं पळसदेव धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. तिथली भाषा बारामतीच्या त्या खोलीत पुन्हा सुरू झाली होती, आणि काकूंचा आवाजच मुळी बदलला होता. खालच्या पट्टीतला, मोकळा.

मी कागद उचलून सरांपुढे धरे. "हा ठेवायचा?" व्हय. कधीकधी तोंड व्हय म्हणे आणि मान नकारार्थी हले. मग मी जरा थांबून उलटा प्रश्न विचारी, "हा काढून टाकायचा?" पहिल्यांदा तसं विचारलं तेव्हा ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मग तोंडाची डावी बाजू हसली. आपण शिकवलेलं आपल्यावरच चालवतेय पोरगी, हे त्यांना कळलं होतं.

असं करत आम्ही सोलापूरकरांच्या गठ्ठ्यापाशी आलो. त्यांची पत्रं सगळी होती. सरांच्या उत्तरांच्या कार्बन कॉपी मात्र इतक्या फिक्या झाल्या होत्या की वाचवेनात. काकूंनी चष्मा लावला आणि सोलापूरकरांची पत्रं मोठ्यानं वाचायला घेतली. इतकी वर्षं चहा करून देत त्यांनी ही भांडणं दारातून ऐकली होती, पत्र एकही वाचलं नव्हतं. वाचता वाचता त्या थांबून म्हणत, "हे बरोबरच लिहिलंय की त्यानं." सर न्हाय म्हणत.

शेवटी काकूंनी कागद मांडीवर ठेवले. "त्यास्नी कळवू का, तुमाला बरं न्हाय म्हणून?"

"न्हाय."

मी थोडं थांबून विचारलं, "मग नको कळवायला?"

"न्हाय."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघू लागलो. सर खिडकीकडे बघत होते.

"म्हणजे यांचं ठरत नाही," काकू म्हणाल्या. "असू दे. मग मी ठरवते. तू लिही. लिही की त्यांच्याकडं यांची पत्रं असतील तर हवीत, यादीसाठी. आणि बाकीचंही लिही."

पंधरवड्यात ते आले. उंच, वाकलेले, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा. सरांची सगळी पत्रं त्यांनी जपली होती. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी सरांचा डावा हात धरला आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागले. सगळं ठीक होईल, तू काळजी करू नको, तुझंच बरोबर होतं, माझंच चुकलं. सरांनी हात सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.

काय करावं ते मला सुचेना, म्हणून मी कामाचं बोलले. "सर, या गठ्ठ्याला यादीत नाव काय द्यायचं? मी 'निवडणूक अंदाजांबाबतचा वाद' असं लिहिलंय."

"वाद कसला?" सोलापूरकर म्हणाले. "मतभेद म्हणा."

"न्हाय," भिंतीकडून आवाज आला.

"बरं, वाद तर वाद. पण वाद मी सुरू केला नव्हता, एवढं तरी मान."

"न्हाय."

"न्हाय काय? पुण्याच्या सभेत पहिला कोण बोललं? मी अंदाज कशासाठी काढत होतो, हे तू एकदा तरी विचारलंस का मला? लोकांना वाटतं ते लोकांनाच परत सांगितलं, यात माझा काय गुन्हा?"

त्यांचा आवाज चढला. सर वळले होते. डाव्या हातानं पलंगाची कड धरून उठू बघत होते, चेहरा लाल झाला होता. काकू ओल्या हातांनी आतून धावत आल्या. मी घाबरून सोलापूरकरांना थांबवणार, तेवढ्यात काकूंनी माझा दंड धरला. त्या सरांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

सरांचे ओठ जुळवाजुळव करत होते. खूप वेळ लागला. मग म्हणाले, "खोटं... बोलतोय... ह्यो."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत, मला सांगता यायचं नाही. सोलापूरकर तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग खुर्ची पलंगाजवळ ओढून म्हणाले, "सिद्ध कर."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आजारपणानंतर सरांशी कुणी भांडलंच नव्हतं. आम्ही सगळे त्यांचं मन राखत होतो. मीसुद्धा, प्रश्न उलटे करून विचारत असले तरी. "भांडू दे त्यांना," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

संध्याकाळी मी सोलापूरकरांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. फलाटावर गाडी लागल्यावर ते म्हणाले, "त्यानं मला चूक ठरवलं, पण प्रत्येक ओळ वाचून. बाकीच्यांनी नुसतं बरोबर ठरवलं, न वाचता." त्यानंतर ते अधूनमधून येत राहिले. ते आले की सरांना दोन-तीन नवे शब्द फुटत, बहुतेक रागाचे.

उन्हाळ्यात कागद टेंपोनं पुण्याला गेले. यादी मीच केली होती. गठ्ठ्याचं नाव 'वाद' असंच राहिलं. ग्रंथालयानं मला तिथेच काम दिलं, दुसऱ्या कुणाकुणाचे कागद लावायचं. जायच्या आधी काकू म्हणाल्या, आईला घेऊन ये एकदा.

आई यायला तयार नव्हती. प्राध्यापकाच्या घरी जाऊन मी काय बोलू, म्हणाली. कशीबशी आली, ती खुर्चीच्या टोकावर बसून राहिली. पुढची खोली आता मोकळी होती, सर खिडकीपाशी काठी घेऊन बसले होते. एव्हाना ते छोटी वाक्यं बोलत. व्याख्यानातली मराठी परत आली नाही ती नाहीच. आली ती सगळी कोऱ्हाळ्याची.

त्यांनी आईकडे पाहिलं. "कवा निघालता?"

"सकाळच्याच गाडीनं," आई म्हणाली.

"ऊस... लागला आसंल रस्त्याला."

"न्हाय वं, आता कुठला ऊस. कारखाना बंद झाला न्हवं का."

"व्हय की," सर म्हणाले. मग माझ्याकडे काठी करून, एकेक शब्द ठेवत, "पोरगी चांगली हाय तुमची. लई इचारती."

"घरात बी तसंच हाय तिचं," आई म्हणाली आणि खुर्चीत मागे सरकून बसली. काकू आतून पाणी घेऊन आल्या, आईशेजारी टेकल्या, आणि विचारलं, इंदापुरात तुमी कुठं ऱ्हाता. बराच वेळ तिघं बोलत बसली. मी उंबऱ्यावर बसून ऐकत होते. मला विचारायचं असं काहीच उरलं नव्हतं.