मेलं का निजलं

रेणू, हातातला फोन खाली ठेव आणि जवळ ये. तू नागपुरात आणि मी इथे, हे मला कळतं. तरी वाचताना माझ्या शेजारी बसल्यासारखी बस. थोडी रागावले आहे तुझ्यावर. दिवाळीला आलीस, बांधावरच्या शिरसाच्या खुंटावर पाय हलवत बसलीस, फोटो काढलास आणि खाली लिहिलंस, आजीच्या शेतातलं मेलेलं झाड. वर तुझ्या मामाला विचारलंस, हा खुंट उपटून, घासूनपुसून त्याचं टेबल होईल का. खुंटाच्या बुडाशी बोटाएवढे फुटवे होते. पायात येतात म्हणून तू दोन मोडलेसही. मेलेल्या झाडाला फुटवे येतात का गं? दर साली शेळ्या खातात, तरी ते येतात. इतकी शिकलीस आणि एवढं नाही दिसलं?

पण तुला बोलून काय उपयोग. त्या खुंटाची गोष्ट दसरूभाऊची आहे आणि तू त्याला कधी पाहिलंच नाहीस. म्हणून लिहायला बसले. माझं शिकणं किराण्याच्या पुडीच्या कागदांवर झालेलं, तेव्हा अक्षर वेडंवाकडं असेल, सांभाळून घे.

मी लग्न होऊन या घरी आले, तेव्हा दसरू पहिल्यांदा पाहिला तो संत्र्याच्या झाडाला कान लावून उभा असलेला. एका हातानं कुऱ्हाड उलटी धरून खोडावर ठोकायचा आणि ऐकायचा. पुन्हा ठोकायचा. मला वाटलं, याचं डोकं फिरलं असावं. तोंडावर पदर धरून हसले, तर म्हणाला, "हासा बाई, हासा. पण मेलं का निजलं, ते पहिले पाहा लागते."

वाळलेली झाडं तोडून मालकाच्या अंगणात आणून टाकायची, हे त्याचं काम. आपल्याकडे संत्र्याला रोग लागला की ओळच्या ओळ वाळते. आंबा म्हातारा होतो, बाभळीला वाळवी लागते. असं झाड शेतात उभं दिसलं की लोक दसरूला सांगावा धाडायचे. गावाच्या खालच्या अंगाला, विहाराजवळ त्याचं घर. बायको लवकर गेली, एकच मुलगी वच्छला. स्वतःची शेती नाही. जे होतं ते म्हणजे ती कुऱ्हाड आणि त्याचा शब्द.

शब्द म्हणजे काय ते सांगते. ठोकून ऐकल्यावर तो कुऱ्हाडीच्या टोकानं सालीला एक बारीक खाच पाडायचा आणि आत पाहायचा. आत तपकिरी दिसलं तर मेलं. हिरवी रेघ दिसली, केसाएवढी का असेना, तर कुऱ्हाड खांद्यावर टाकून चालू लागायचा. तुझ्या आजोबांनी एकदा वाळक्या संत्र्यांची ओळ दाखवली. त्यानं सगळी पाडली, एक सोडलं. आजोबा म्हणाले, "दसरू, हे कशाला ठेवलं?" तर म्हणाला, "हे निजलं हाये, मालक. निजल्याले मारत नाई मी." आजोबा चिडले, दोन दिवस त्याच्या नावानं बडबडले. तिसऱ्या वर्षी त्याच झाडाची संत्री आम्ही पाहुण्यांना दिली. तेव्हापासून गावात असं झालं की दसरूनं कुऱ्हाड लावली म्हणजे झाड मेलेलंच असणार. हिरवं झाड पाडायला तहसिलीचा कागद लागतो. पण दसरूनं पाडलेल्या झाडाबद्दल पटवारीसुद्धा कधी विचारत नसे.

वाटणीही त्याचीच होती. खोड मालकाचं, फांद्या दसरूच्या. मूळ कुणाचंच नाही, ते जमिनीचं. कितीही सांगा, तो खुंट खणून काढायचा नाही. "तिचं तिले राहू द्या," म्हणायचा. लाकूड बैलबंडीत रचायचा तर जड बुंधे पुढे, जुवाकडे, हलकं मागे, आणि दोर बांधल्यावर त्यावर पाणी मारायचा, म्हणजे तो आटून आवळला जातो. भरलेल्या बंडीवर तो कधी बसला नाही. तीन कोस असो, बैलांच्या बाजूनं चालायचा. मी म्हणे, "बस ना भाऊ, बैल काही तक्रार करत नाहीत." म्हणे, "ते बोलत नाईत म्हणूनच, बाई."

बोलायला फार तिखट. आपल्या घरी गॅस आला तेव्हा मी त्याला शेगडी दाखवायला बोलावलं. बटन फिरवून जाळ दाखवला. त्यानं पाहिलं, मान हलवली, म्हणाला, "चांगलं झालं. आता माह्या पोटावर पाय आला, पण तुमच्या डोळ्यातला धूर गेला." महिन्याभरानं मीच त्याला वांग्याच्या भरतासाठी लाकूड मागितलं, तर सगळ्यांसमोर म्हणाला, "काहून बाई, शेगडीवर वांगं लाजते काय?"

एक गोष्ट मी वर्षानुवर्षं अभिमानानं सांगत आले, की आमच्या घरी दसरूचा कप वेगळा नव्हता. खरं आहे, नव्हता. पण चहा पिऊन झाला की तो उठून कप विसळायचा आणि ओट्यावर पालथा घालायचा. घरातला दुसरा कुणी आपला कप विसळत नव्हता. मी ते पाहायची आणि विसळू द्यायची. चाळीस वर्षं.

तुझे आजोबा गेले आणि शेत तुझ्या मामाच्या, प्रकाशच्या हाती आलं. त्यानं बांधाजवळ मोसंबीची नवी कलमं लावली. बांधावर शिरस होता, तुझ्या पणजोबांच्या वेळचा. त्याच्या सावलीत कलमांच्या दोन ओळी येत होत्या. प्रकाश म्हणाला, "आई, हा पाडायचा." मी म्हटलं, हिरवा आहे, कागद काढ. तो म्हणाला, कागदाच्या मागे कोण फिरेल. फागुन आहे, शिरस बोडका उभा आहे, शेंगा वाळून खुळखुळत आहेत. दसरूला दाखव. त्याला आता दिसत नाही.

खरं होतं ते. दसरूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वच्छलाचं लग्न लोधीखेड्याला झालेलं. ती म्हणायची, बाबा, चला, ऑपरेशन करू. तो म्हणायचा, कापूस निघू दे, हिवाळा जाऊ दे. तोवर कानावर आणि हातावर काम चालवायचा.

प्रकाश म्हणाला, "तू फक्त हो म्हण. म्हातारा तुझं ऐकते."

मला कुणी धमकावलं नाही, रेणू. घराबाहेर काढीन असं कुणी म्हणालं नाही. आजोबा गेल्यावर घरात माझं बोलणं हळूहळू कमी ऐकलं जात होतं, आणि त्या दिवशी मुलाला माझी गरज पडली होती. मला बरं वाटलं. एवढंच कारण.

सकाळी मी दसरूला घेऊन बांधावर गेले. त्यानं शिरसाला हात लावला, कुऱ्हाड उलटी करून ठोकली, कान लावला. पुन्हा ठोकली.

"बाई, आवाज भरीव येऊन राहिला."

मी पायानं खाली पडलेल्या शेंगा बाजूला सारल्या.

"मागच्या साली पानं आली होती काय याले?"

"नाही आली," मी म्हटलं.

त्यानं खाच पाडली. डोळे अगदी सालीला टेकवले, मग मागे सरकला. "माह्या डोळ्यानं नाई दिसत. तुम्ही पाहा बरं. हिरवं हाये काय?"

मी वाकून पाहिलं. हिरवी रेघ होती. केसाएवढी नाही, चांगली बोटभर.

"वाळलंय भाऊ," मी म्हटलं.

तो हसला. "मंग कानही म्हातारे झाले म्हणा." आणि त्यानं कुऱ्हाड उचलली.

आठ-दहा घाव झाले असतील. एक मोठी ढलपी उडून त्याच्या पायाशी पडली. त्यानं ती उचलली, बोटांनी चाचपली, मग गालाला लावली. बराच वेळ लावून उभा होता. वर शेंगा वाजत होत्या, मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

"ओलं हाये, बाई," तो म्हणाला.

मी तेव्हाही म्हणू शकले असते की चुकले, माझ्या लक्षात आलं नाही. तेवढं खोटंही जमलं नाही. त्यानं ढलपी खाली ठेवली, कुऱ्हाड शिरसाला टेकवली आणि पायवाटेनं निघून गेला. दुसऱ्या दिवशी प्रकाशनं पांढुर्ण्याहून मशीनवाला आणला, अर्ध्या तासात झाड आडवं झालं. कुऱ्हाड मी घरी आणली. तो न्यायला येईल असं वाटलं होतं.

आषाढात खुंटाला फुटवे आले, तांबूस, कोवळे, ढीगभर. शेतात जाणारा प्रत्येक जण पाहत जायचा. कुणीतरी तक्रार केली. पटवारी आला, पंचनामा लिहायला बसला. प्रकाश म्हणाला, "साहेब, दसरूनं वाळलं म्हणून सांगितलं. त्याच्या भरवशावर आम्ही पाडलं." दसरूला बोलावलं. मी ओसरीच्या खांबाशी उभी होते. मी कुठे आहे ते त्याला बरोबर कळलं, तोंड माझ्याकडे करून उभा राहिला. मला वाटलं, आता बोलेल. खरं सांगते, एक क्षण वाटलं की बोलावं त्यानं.

"माही चूक हाये, साहेब. डोळे गेले," तो म्हणाला, आणि सही केली. पटवाऱ्यानं म्हाताऱ्याला समज दिली आणि गेला. गावानं मात्र सोडलं नाही. चौकात बसलेली पोरं म्हणायची, "दसरूबुढा आता हिरवं पाडते." त्यानंतर त्याला कुणी झाड दाखवायला बोलावलं नाही. मशीनवाल्याला फोन करणं सोपं होतं.

दिवाळीनंतर मी पदरात संत्री घेऊन त्याच्या घरी गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं दार पाहिलं. माझ्या पावलांवरून ओळखलं त्यानं. "या बाई," म्हणाला, चटई सारली. मी पावसापाण्याचं बोलले, कापसाच्या पऱ्हाटीचं बोलले, गुडघ्याचं बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मी उठले तेव्हा म्हणाला,

"बाई, डोळे माहे गेले होते. तुमचे तं चांगले होते."

रागानं नाही. झाडाबद्दल सांगायचा, तसंच सांगितलं. संत्री त्यानं ठेवून घेतली. फेकली असती तर मी जरा सुखानं घरी आले असते.

पौषाच्या थंडीत तो गेला. गावात कुणाचीही मयत झाली की सरणाचं लाकूड तोच फोडून द्यायचा, कधी काही घेतलं नाही. त्याच्या वेळी लाकूड फोडायला कुणी नव्हतं. प्रकाश म्हणाला, आपल्या अंगणात शिरस पडला आहे, पाठवून देऊ, पुण्य लागेल. बंडी भरली. बुंधे मागे टाकले होते, दोर कोरडा होता. मी दारात उभी राहून पाहिलं. ते लाकूड पुरतं वाळलं नव्हतं. फार धूर झाला म्हणे, आणि बराच वेळ लागला.

मागच्या उन्हाळ्यात मी कुऱ्हाड जुन्या लुगड्यात गुंडाळून बसनं लोधीखेड्याला गेले. वच्छलाच्या हाती द्यायची आणि सांगून टाकायचं, असं ठरवून. तिनं मला खाटेवर बसवलं, चहा केला. मग स्वतःच बोलायला लागली. "मामी, माह्याच हातानं झालं सगळं. मी बाबाले हात धरून दवाखान्यात नेलं असतं, तं त्याईची बदनामी झाली नसती. शेवटपर्यंत म्हणत होते, डोळ्यानं दगा देल्ला." आणि रडली.

त्यानं पोटच्या पोरीलाही सांगितलं नव्हतं, रेणू. आणि ती इतकी वर्षं स्वतःला खात बसली आहे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, असं मनाला लावून घेऊ नये बाई. चहा प्यायले. आणि कुऱ्हाड घेऊन परतीच्या बसमध्ये बसले.

ती आता माझ्या खोलीत, धान्याच्या कोठीमागे आहे. टेबलाचं विसर. त्या खुंटाला हात लावायचा नाही. फुटव्यांभोवती काटेरी फांद्यांचा झापा लावून घेतला आहे मी, या साली शेळ्या पोचणार नाहीत.

आणि तू लवकर ये. परीक्षा झाली की येते म्हणशील, तसं नको; येत्या रविवारी ये. सकाळच्या बसनं सौंसरला उतर, मी स्टँडवर कुऱ्हाड घेऊन थांबते, तिथूनच लोधीखेड्याला जाऊ. तुला बोलावं लागणार नाही, नुसती माझ्या शेजारी बस. एकटी गेले तर मी पुन्हा चहा पिऊन परत येईन. मला माझं माहीत आहे.