नाही म्हणायचा तास

इंजिनिअरिंग कॉलेजात नीतिमूल्यं आणि व्यावसायिक कौशल्यं शिकवणाऱ्या बाईंना पोरांनी नाव ठेवलं होतं, नाहीबाई. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. साहेबानं चुकीच्या कागदावर सही कर म्हटलं, तर इंजिनिअरला नाही म्हणता आलं पाहिजे, हा त्यांचा धोशा. तेही आवाज न चढवता, कारण सांगून, दुसरी वाट सुचवून. बाई स्वतः साहेब होऊन टेबलामागे बसत, एकेकाला पुढं बोलावत आणि असा काही दम भरत, की अर्धी पोरं हो म्हणून मोकळी होत. मग त्यांचा सराव पुन्हा पहिल्यापासून.

घरी मात्र बाईंच्या तोंडून नाही कधी फुटलंच नव्हतं. नणंद गावाला जाताना आपली तीन मांजरं त्यांच्या गळ्यात मारून जाई. धाकटे दीर त्यांची स्कूटर न्यायचे, ती पेट्रोलचा थेंब न ठेवता परत आणायचे. नवरा विचारी, "तुला पगार नेमका कशाचा मिळतो गं?" मांजरांपुढं दूध ओतता ओतता बाई म्हणत, शिकवण्याचा.

त्या वर्षी कॉलेजची तपासणी लागली. प्राचार्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून चहा मागवला, तेव्हाच त्यांनी ओळखलं, काहीतरी गळ्यात पडणार. प्राचार्य उगाच चहा पाजणाऱ्यांतले नव्हते. प्रयोगशाळेत लोखंडी कांब ओढून तोडणारं एक भलंमोठं यंत्र होतं, त्याची मोटर जळून जमाना लोटला होता. तपासणीवाले येतील तेव्हा चार पोरं त्याच्याभोवती उभी करा, एकानं बटणाला हात लावायचा, बाकीच्यांनी आकडे लिहिल्यासारखं करायचं, असा प्राचार्यांचा बेत. पोरं तुमचं ऐकतात, अशी वर मखलाशी. बाईंनी कप तोंडाला लावला आणि बघते म्हणाल्या. बाईंचं बघते म्हणजे हो, हे शिपायालासुद्धा माहीत होतं.

वर्गात त्यांनी हा विषय काढला तो फळ्याकडे तोंड करून. चौघांना नेमलं, भराभर सांगून टाकलं, कोरा फळा पुन्हा पुसला. वळून बघतात तर नेमलेल्या चौघांतली चष्मेवाली उभी. सरावात दरवेळी पहिल्या दमाला गार होणारी हीच.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "बंद यंत्र चालू आहे असं आम्ही दाखवणार नाही. पाहुण्यांची फसवणूक होईल ती. त्याऐवजी त्यावर बंद आहे अशी पाटी लावतो."

बाईंची कानशिलं तापली. त्यांनी पुन्हा डस्टर उचललं. तेव्हा चष्मेवालीनंच हळू आवाजात आठवण करून दिली, "मॅडम, आता तुम्ही दम भरायचा असतो."

वर्ग खो खो हसत सुटला. बाईंनी मार्क कापायची धमकी देऊन पाहिली, पण अर्ध्यातच त्यांनाही हसू आवरेना.

आता केबिन गाठणं आलं. दाराबाहेर बाईंनी मनात तीनदा घोकलं आणि आत जाऊन नेमकं उलट्या क्रमानं बोलल्या. आधी पाटी, मग कारण, आणि सगळ्यात शेवटी, घसा खाकरून, नाही. प्राचार्यांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी मागवलेला चहा परत पाठवला.

तपासणीचे साहेब पुठ्ठ्याच्या पाटीसमोर थांबले. चष्मेवालीनं झाकण उघडून जळकी मोटर दाखवली. साहेबांनी सहज विचारलं, बाकीची यंत्रं तरी चालतात ना?

"नाही सर," ती म्हणाली. "पुठ्ठा एकच मिळाला."

प्रयोगशाळेचे गुण कापले गेले ते गेलेच. पण यंत्रं दुरुस्त करा असा शेरा पडला, आणि प्राचार्यांना झक मारत मोटरी मागवाव्या लागल्या. पुढच्या सत्रात त्यांनी बाईंचा तास शनिवारी दुपारी, अगदी शेवटचा टाकला. वर्ग ओस पडेल असा हिशेब असावा. पण वर्ग तर भरलाच, वर शेजारच्या वर्गातली पोरंही मागच्या बाकांवर येऊन बसू लागली. बाईंच्या दमाला नाही म्हणायला बरं वाटतं, म्हणत होती.